नळदुर्ग ते धाराशिव : एका जिल्हा कचेरीची वाटचाल

धाराशिवचे जिल्हा प्रशासन ही एक संस्था मानली, तर तिचे वय कोणत्या सालापासून मोजावे याविषयी एकमत होणे अवघड आहे. कोणी ते 1853 पासून मोजतो, कारण त्या साली नळदुर्गला इंग्रजी पद्धतीची पहिली जिल्हा कचेरी उभी राहिली. कोणी 1865 पासून मोजतो, कारण त्या साली हैदराबाद संस्थानाने स्वतःची जिल्हा-रचना अमलात आणली. आणि ज्यांना राजकीय सत्ताबदल हीच खरी सुरुवात वाटते, ते 17 सप्टेंबर 1948 या तारखेवर बोट ठेवतात. तेरखेड्यासारख्या बालाघाटाच्या पठारावरील, सोलापूर-धुळे महामार्गालगतच्या गावाच्या बाजूने पाहिले असता मात्र 1853 ते 1865 ही बारा वर्षेच निर्णायक ठरतात, कारण आजही शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदामागे जी मोजणी, जो तालुका आणि जी अधिकाऱ्यांची उतरंड आहे, तिचा आराखडा त्याच काळात आखला गेला. त्यानंतर राज्यकर्ते, दफ्तराची भाषा आणि जिल्ह्याचे नाव ही तिन्ही बदलली, पण आराखडा फारसा बदलला नाही.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगणे पुरे आहे. नळदुर्ग आणि परंडा हे दोन बळकट किल्ले बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल सत्तांच्या हातून फिरत अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाकडे आले, आणि या किल्ल्यांच्या आधाराने भोवतालच्या मुलखाचा वसूल गोळा होत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादमध्ये ‘तालुकदार’ या शब्दाने सरकारी अधिकारी नव्हे, तर वसुलाचा मक्ता घेणारा माणूस ओळखला जाई. दरबाराला आगाऊ रक्कम द्यायची आणि मग ती नफ्यासह रयतेकडून काढायची, असा हा व्यवहार होता. मक्तेदाराला पैसा पुरवणारे सावकार, त्यांच्या पदरी असलेले अरब आणि रोहिले शिपाई, परगण्याचे वतनदार देशमुख व देशपांडे, आणि गावचे पाटील व कुलकर्णी अशा साखळीतून वसूल वर चढत असे. या साखळीतील गावाचा दुवा तेवढा स्थिर होता. त्याच्या वरचे सारे दुवे पैशाच्या ओढीने बदलत राहत. जिल्हा या नावाला शोभेल असे एकसंध प्रशासन तेव्हा अस्तित्वातच नव्हते, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवले पाहिजे.

मे 1853 मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, तो या भागाच्या इतिहासातला पहिला मोठा वळणबिंदू होय. हैदराबाद कंटिंजंट नावाची, निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी फौज होती. तिच्या पगाराची थकबाकी साचत गेली, आणि ती भागवण्यासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब (म्हणजे कृष्णा व तुंगभद्रा या नद्यांमधला मुलूख) आणि धाराशिव-नळदुर्ग हा प्रदेश कंपनीच्या कारभारात गेला. सार्वभौमत्व निजामाचे आणि व्यवस्था कंपनीची अशी ही दुहेरी रचना होती. त्याच महिन्यात हैदराबादच्या दिवाणपदी तरुण मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, यांची नेमणूक झाली, आणि पुढे या प्रदेशाला जी घडी मिळाली तिचा एक धागा तेथे सुरू होतो.

नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आलेले फिलिप मेडोज टेलर हे मराठी वाचकाला कादंबरीकार म्हणून अधिक ठाऊक आहेत. ठगांवरील त्यांची कादंबरी 1839 मध्ये प्रसिद्ध झाली होती, आणि 1863 मध्ये आलेल्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर व नळदुर्ग हा परिसरच रंगभूमी म्हणून येतो. कारभारी म्हणून त्यांची नोंद तितकीच महत्त्वाची आहे. निजामाच्या फौजेत आणि त्यानंतर सुरापूर संस्थानात बरीच वर्षे काढलेल्या या अधिकाऱ्याला येथील वतनी व्यवस्था पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. जमिनीची मोजणी, रस्ते, तलाव, आणि वसुलाचा ठराव थेट खातेदाराशी करण्याचा प्रयत्न अशी त्यांच्या कामाची दिशा होती, आणि गाव पातळीवर जुने पाटील-कुलकर्णी त्यांनी कायम ठेवले. 1857 मध्ये त्यांची बदली वऱ्हाडात झाली. त्यांच्या आत्मचरित्रात स्वतःच्या कामाची जी भलावण आहे ती थोडी कमी करून वाचावी लागते; तरीही मक्त्याच्या वसुलातून बाहेर पडलेल्या रयतेला पहिल्यांदाच आपल्या शेताचे क्षेत्र आणि आकारणी एका कागदावर सांगता येऊ लागली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

1857 च्या उठावात हैदराबाद दरबार कंपनीच्या बाजूने राहिला, आणि त्याची बक्षिसी म्हणून डिसेंबर 1860 च्या तहाने धाराशिव-नळदुर्ग व रायचूर दुआब हे प्रदेश निजामाला परत मिळाले, पन्नास लाख रुपयांचे कर्ज माफ झाले आणि सुरापूर संस्थानही त्याच्या मुलखात जोडले गेले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही, आणि पुढे ते हैदराबादच्या दरबाराचे कायमचे दुखणे ठरले. नळदुर्गच्या बाबतीत यातून एक विलक्षण परिस्थिती उद्भवली: सात वर्षे इंग्रजी घडीने चाललेला, मोजणीची सवय लागलेला हा भाग, ज्या संस्थानात मक्ते अजून पुरते मोडले नव्हते, त्या संस्थानाच्या हाती आला. सालारजंगांच्या सुधारणांना असा तयार नमुना हाताशी लाभला, हे त्यांच्या यशाचे एक कारण मानायला हरकत नाही, जरी इतर कारणेही होती.

1865 मध्ये, म्हणजे हैदराबादी गणनेप्रमाणे 1275 फसलीत, सालारजंगांनी जी पुनर्रचना केली तिला ‘जिलाबंदी’ म्हणतात. फसली हे महसुली साल असून त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन मिळते, आणि जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने ही बेरीज लक्षात ठेवली तर पुष्कळ गोंधळ टळतो. जिलाबंदीने मक्तेदार तालुकदार गेला आणि त्याचेच नाव घेतलेला पगारी तालुकदार आला. जिल्ह्याचा प्रमुख तो अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या दर्जाचे तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, त्याच्या खाली मंडळाची पाहणी करणारा गिरदावर, आणि गावात पटवारी व पाटील. पाटीलकीचे दोन भाग केले गेले, वसुलाचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील, आणि ही दोन्ही नावे मराठवाड्यातील जुन्या घराण्यांच्या तोंडी अजून आहेत. जिल्ह्यांवर विभाग, म्हणजे सुभा, असे. नळदुर्ग जिल्हा गुलबर्गा सुभ्यात मोडत असे, आणि त्यामुळे या मराठी जिल्ह्याची वरची कचेरी कन्नड मुलखात होती. देशमुख-देशपांड्यांचा वसुलातील प्रत्यक्ष हात काढून घेण्यात आला आणि त्याबदल्यात त्यांना ‘रसूम’ नावाची रोख नेमणूक बांधून देण्यात आली. वतनदाराची सत्ता गेली, मान आणि उत्पन्न राहिले, अशी ही तडजोड होती. पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीवर मोजणी व जमाबंदी झाली.

या यंत्रणेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य मात्र भाषेत होते. गावाचे दप्तर मराठीत, आणि तेही मोडी लिपीत लिहिले जाई. तहसिलीच्या वर गेले की कागद फारसी होत असे, आणि 1884 नंतर फारसीची जागा उर्दूने घेतली. जिल्ह्यातील बहुतेक रयत मराठी बोलणारी, गावचा पटवारी मराठी लिहिणारा, आणि निर्णय देणारी कचेरी त्या दोघांनाही परकी अशा भाषेत बोलणारी, अशी ही दोन मजली व्यवस्था होती. या दोन मजल्यांमधला जिना म्हणजे कचेरीतला कारकून आणि अर्ज लिहून देणारा लेखक. ज्याला दोन्ही लिप्या येत त्याच्या हाती अधिकाराबाहेरची सत्ता येत असे, आणि गावाला अन्याय वाटला तरी तो कोणत्या शब्दात मांडावा हे त्याच्याच कृपेवर अवलंबून राही.

ही परिस्थिती हैदराबादपुरती नव्हती. याच काळात युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रकाठी, रशियन साम्राज्यात लिव्होनिया, एस्टोनिया आणि कुर्लंड हे तीन प्रांत होते. लिव्होनिया व एस्टोनिया 1721 च्या तहाने आणि कुर्लंड 1795 मध्ये रशियाकडे आले होते. तेथे शेतकरी एस्टोनियन व लाटव्हियन बोलत, जमीन आणि स्थानिक सत्ता जर्मन बोलणाऱ्या सरदारांच्या हाती होती, आणि त्या सर्वांवर झारचे शासन होते. भूदासांची मुक्तता तेथे 1816 ते 1819 च्या दरम्यान झाली, पण जमीन सरदारांकडेच राहिली. 1880 च्या दशकात रशियन सरकारने शाळा, पोलीस आणि न्यायालये रशियन भाषेत व रशियन नमुन्यावर आणली, म्हणजे हैदराबादमध्ये फारसी जाऊन उर्दू आली त्याच सुमारास. दोन्हीकडे वरच्या थरातली एक भाषा जाऊन तिच्या जागी दुसरी आली, आणि दोन्हीकडे नांगर धरणाऱ्याची भाषा दप्तराच्या बाहेरच राहिली. फरक असा की रशियाने मधल्या सरदार वर्गाला दीडशे वर्षांहून अधिक काळ हात लावला नाही, तर सालारजंगांनी वतनदारांना एका पिढीत बाजूला सारले. त्यामुळे मराठवाड्यात रयतेचा सामना थेट कचेरीशी पडू लागला.

असे असले तरी संपूर्ण जिल्हा एकाच कचेरीखाली होता, असे मानणे चूक होईल. हैदराबाद संस्थानात जमिनीचे स्थूल मानाने चार प्रकार होते. सरकारच्या थेट कारभारातली ती दिवाणी किंवा खालसा. निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेली ती सर्फ-ए-खास. लष्करी सरदारांच्या मोठ्या घराण्यांकडे असलेली ती पायगा. आणि उरलेल्या लहानमोठ्या जहागिरी. या जिल्ह्यात गुंजोटीसारखी पायगा होती. जहागिरीतला रयत अव्वल तालुकदाराच्या हद्दीत राहत असला तरी त्याचा वसूल, आणि काही ठिकाणी त्याचा न्यायही, जहागीरदाराच्या माणसांकडे असे. शेजारच्या दोन गावांत एकाच प्रतीच्या काळ्या जमिनीला वेगवेगळा सारा आणि वेगवेगळा दंड असण्याचे हे कारण होते. जिल्ह्याचे क्षेत्र जहागिरींसह सुमारे 4,010 चौरस मैल नोंदवले जाई, पण अव्वल तालुकदाराच्या सहीला जेथे पूर्ण वजन होते असा प्रदेश त्याहून बराच लहान होता.

सरहद्द हा या जिल्ह्याचा आणखी एक कायमचा प्रश्न. पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर हे ब्रिटिश मुलखातील तालुके. तिकडे कलदार रुपया, इकडे निजामाचा हाली सिक्का, आणि दोहोंच्या मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बाजार मात्र नाका पाहत नसे: परंडा, भूम, कळंब या भागांचा कापूस आणि धान्य बार्शीकडे ओढले जाई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी अरुंद मापाची गाडी 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली, पुढे संस्थानच्या हद्दीत शिरून येडशी-तडवळ्यापर्यंत गेली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. लातूरच्या बाजारपेठेचा उदय या रुळांमुळे झाला, आणि सात दशकांनंतर जिल्हा दुभंगला तेव्हा त्या उदयाचे प्रशासकीय फळ दिसून आले.

जिल्ह्याचे ठाणे 1904 च्या सुमारास नळदुर्गहून धाराशिवला हलवण्यात आले. नळदुर्ग दक्षिणेच्या कडेला, सोलापूर-हैदराबाद वाटेवर होते; लष्करी दृष्टीने ते योग्य असले तरी परंडा, कळंब या बाजूंच्या गावांना फार दूरचे होते. ठाण्याबरोबर नावही बदलले, आणि जिल्हा उस्मानाबाद झाला. हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले. पण ते गादीवर आले 1911 मध्ये, आणि 1908 साली प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये जिल्हा याच नावाने नोंदवलेला आहे, म्हणजे नामकरण झाले तेव्हा ते राजपुत्रच होते. त्याच्या आधीचे दशक जिल्ह्याला फार वाईट गेले होते. 1891 मध्ये सुमारे साडेसहा लाख असलेली लोकसंख्या 1901 मध्ये साधारण 5,35,000 वर आली. 1899-1900 चा दुष्काळ आणि साथी यांनी केलेली ही घट होती, आणि नवी कचेरी आली ती या ओस पडलेल्या गावांवर.

पुढच्या काळात कायद्याची चौकट पक्की होत गेली. 1317 फसलीचा, म्हणजे 1907 चा, हैदराबाद जमीन महसूल कायदा या भागातील शेतीच्या व्यवहाराचा पाया बनला. 1921 मध्ये न्यायखाते महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश प्रांतांत ज्याची मागणी वर्षानुवर्षे चालली होती ती सुधारणा एका एकतंत्री संस्थानाने आधी केली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. सभा, संघटना आणि वृत्तपत्रे यांवरचे निर्बंध मात्र त्याच काळात कडक होते. जिल्ह्यातील हिप्परगा येथे 1921 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळा या बंदिस्त वातावरणात महत्त्वाची ठरली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे शिक्षक तेथेच घडले. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. या चळवळींच्या मागण्यांमध्ये मातृभाषेतील शिक्षण आणि जबाबदार राज्यपद्धती एकत्र येत, यात कचेरीच्या परक्या भाषेचा अनुभव किती खोल होता हे दिसते.

1947-48 मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांनी सरहद्दीवरची गावे हादरली, आणि सोलापूर-बार्शीच्या बाजूस मुक्तिसंग्रामाची शिबिरे उभी राहिली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून निघाली आणि पहाटेच नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. ज्या ठिकाणी जिल्हा कचेरीचा जन्म झाला, तेथेच निजामी राजवटीच्या अखेरीची सुरुवात झाली. पाच दिवसांत कारवाई आटोपली. त्यानंतर उसळलेल्या हिंसेत मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले त्याचा उल्लेख गाळून हा इतिहास पुरा होत नाही: या हिंसेच्या पाहणीसाठी भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला होता, आणि तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही.

लष्करी प्रशासनाच्या काळातील दोन निर्णयांनी जुन्या जिल्ह्याची दुभंगलेली घडण मोडली. फेब्रुवारी 1949 मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाली आणि ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जिल्हाधिकाऱ्याची सही पहिल्यांदाच नकाशावरच्या प्रत्येक गावी सारखी चालू लागली. 1950 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याचे हक्क नोंदले गेले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. पण जमीन महसुलाचा निजामी कायदा त्यानंतरही 15 ऑगस्ट 1967 रोजी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होईपर्यंत चालू राहिला. राजवट संपून एकोणीस वर्षे झाली तरी शेताचा वाद तिच्याच कलमांनी सुटत होता, ही गोष्ट प्रशासनाच्या जडत्वाविषयी बरेच सांगून जाते.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषद स्थापन झाल्यावर शाळा, रस्ते, आरोग्य यांचा मोठा भाग लोकनियुक्त मंडळाकडे गेला. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हा पूर्वेचा भाग काढून लातूर जिल्हा करण्यात आला. मूळ जिल्ह्याची सुपीक आणि व्यापारी बाजू त्यात गेली, असे मत जिल्ह्यात आजही ऐकू येते, आणि त्यात तथ्य आहे. 1991 आणि 2001 या दोन जनगणनांच्या दरम्यान लोहारा आणि वाशी हे दोन तालुके नव्याने झाले, आणि तालुक्यांची संख्या सहावरून आठवर गेली. तेरखेडा वाशी तालुक्यात आले. तहसिलीचे काम गावाच्या जवळ येणे, सामान्य माणसाला जाणवणारा प्रशासकीय बदल एवढाच.

तेरखेड्याचा जिल्हा कचेरीशी असलेला विशेष संबंध फटाक्यांच्या व्यवसायातून येतो. स्फोटक पदार्थांचा मूळ कायदा 1884 चा, ब्रिटिश हिंदुस्थानातला. निजामाच्या मुलखात तो आपोआप लागू नव्हता. आजच्या 2008 च्या नियमांनुसार एका वेळी 15 किलोपर्यंतच्या फटाक्यांच्या निर्मितीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आणि त्याहून मोठ्या कारखान्यांसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेकडे जावे लागते, तेथेही जिल्हादंडाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अव्वल तालुकदाराकडून वारशाने आलेले दंडाधिकाऱ्याचे पद या गावाच्या रोजीरोटीशी आणि मजुरांच्या जिवाशी असे थेट जोडलेले आहे. परवाना ही केवळ कागदी बाब समजण्याची सवय, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही सोडली पाहिजे.

फेब्रुवारी 2023 मध्ये शहराचे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. योगायोगाने त्याच सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिती मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी त्याच कामासाठी हैदराबाद गॅझेटिअरविषयीचा शासन निर्णय निघाला. त्यामुळे इतकी वर्षे अभिलेख कक्षात पडून असलेले मोडी आणि उर्दू कागद एकाएकी मोलाचे झाले, आणि ते वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत हेही उघड झाले. सरकारी दप्तराचा शोध सुरू झाला, पण घराघरांतले दप्तर अजून तसेच आहे. तेरखेडा आणि परिसरातील जुन्या पाटील-पटवारी घराण्यांकडे पाहणी पत्रके, सेतवार, वारशाच्या मंजुऱ्या आणि इनामाचे मुंतखब (म्हणजे चौकशीअंती दिलेले निर्णयपत्र) असतील, तर त्यांनी ते रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. मोडी व उर्दू जाणणाऱ्याकडून त्यांची यादी करून घ्यावी, छायाप्रती काढाव्यात आणि मूळ कागद छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयाकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे सुपूर्द करावेत, अशी या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे.